मयताघरची चौथी खुर्ची

सांतो खेळायला बसला, तर पुरिंग मावशीला दिवसाकाठी पाचशे पेसो सुटत होते. हिशोब सोपा होता. मयताच्या घरी पत्ते लागले की प्रत्येक डावातून नाल, म्हणजे टेबलाचा वाटा, काढायची. अर्धी मयताच्या माणसांना, शवपेटीच्या खर्चासाठी, आणि अर्धी मावशीला, कारण टेबल तिचे, खुर्च्या तिच्या, पत्तेही तिचेच. मयत असलेल्या गल्लीतून पोलीससुद्धा, पत्ते दिसले तरी, मान खाली घालून जातात. आणि सांतो एकदा बसला की उठत नाही, हे अख्ख्या मालाबोन गावाला माहीत होते. जिंकला तर कशाला उठेल, आणि हरला तर कसा उठेल?

अडचण एवढीच की तेरा पानांच्या डावाला चार माणसे लागतात, आणि दुपारची जेवणे होऊन गेली तरी टेबलाशी तीनच होती: मासळीवाली बेबांग, तिचा दीर आणि तीनचाकीवाला टोटोय. सांतो पेटीपाशी उभा राहून बापाच्या चेहऱ्यावरच्या काचेवरून माश्या हाकत होता. गेल्या पावसाळ्यापासून त्याने पत्त्याला हात लावला नव्हता.

"ये रे सांतो," बेबांग पत्ते पिसत म्हणाली. "बापाचा मान म्हणून तरी बस. का चर्चच्या फादरने हात बांधून ठेवलेत?"

"हात नाही, खिसा," टोटोय म्हणाला.

सांतो हसला नाही. त्याचा अंगठा मात्र बोटांवरून सरकू लागला, हातातली पाने उलगडावीत तसा.

तेवढ्यात आई त्याच्याजवळ आली. पेटी उधारीवर आणलेली होती. "दफनापर्यंत एवढे चार दिवस बस," ती हळूच म्हणाली. "तुझ्यासाठी नाही, ह्यांच्यासाठी. नालेतून पेटीचे पैसे सुटतील."

हे मात्र अवघड होते. आजवर त्याला खेळू नको म्हणणारी ती एकटीच. आता तीच बस म्हणाली, म्हणजे साऱ्या जगाची परवानगी मिळाली. सांतोने पुढे होऊन खुर्चीची पाठ धरली. मग हात भाजल्यासारखी सोडली आणि मागच्या न्हाणीत जाऊन फोन लावला. चर्चमागच्या खोलीत दर गुरुवारी जुगार सोडू पाहणारी माणसे जमत. गोरियो त्यांच्यातला सर्वांत जुना.

"गोरियोदादा, आज मीटिंगला येता येणार नाही. बाबा घरात आहेत."

"माहीत आहे. बसलास का?"

"एक खुर्ची रिकामी आहे, दादा. आईच बस म्हणते."

"मी काय विचारलं? बसलास का?"

"नाही."

"मग तिथंच थांब. मीटिंग तिकडे आणतो."

थोड्या वेळाने दोन तीनचाक्यांतून सहा माणसे उतरली. एक निवृत्त मास्तरीण, एक बँकेचा पहारेकरी, एक न्हावी, दोन गोदीवाले, आणि सगळ्यांत शेवटी फडक्यात धरलेले वाफाळत्या सूपचे पातेले घेऊन गोरियो. त्यांनी पेटीपुढे क्रूसाची खूण केली, आईच्या हातात पातेले दिले, आणि गोरियो सरळ चौथ्या खुर्चीत जाऊन बसला.

पुरिंग मावशीचे तोंड उजळले. सहा माणसे! मनातल्या मनात तिने दुसरे टेबल मांडलेदेखील.

"बसा, बसा! सुटे आहेत ना?"

बेबांगने पाने वाटली. गोरियोने आपली तेरा पाने होती तशी पालथी राहू दिली. "माझं नाव ग्रेगोरियो. मी जुगारी आहे."

"अहो, इथं कोण साधू बसलाय? उचला पानं!"

"जुगारी आहे म्हणूनच उचलत नाही."

बाकीच्यांनी स्टुले ओढून टेबलाला वेढा घातला आणि एकेकाने आपले नाव सांगितले. मास्तरीणबाई एका दुपारी शाळेच्या सहलीचे पैसे हरल्या होत्या. ते परत जिंकायला दुसऱ्या दुपारी गेल्या, स्वतःचा पगार घेऊन. बेबांगच्या दिराने हातातली पाने हळूच खाली ठेवली.

शेवटी सांतो बोलला, आईकडे न बघता.

"माझं नाव क्रिसांतो. मी जुगारी आहे. बाबांच्या पेटीसाठी बसतोय, असं मघाशी मी स्वतःला पटवलं होतं. खरं सांगू? पत्ते पिसल्याचा आवाज आला, तेव्हा बाबा गेलेत हेच मी विसरलो."

  मग आईने पातेले दोन्ही हातांनी उचलले आणि टेबलाच्या मधोमध, वाटलेल्या पत्त्यांवर, दाणकन ठेवले.

"अगं, माझा पत्त्यांचा कॅट!" मावशी किंचाळली. प्लॅस्टिकची पाने तळाला चिकटून वाकडी व्हायला लागली होती. "आणि पेटीचे पैसे कुठून आणणार आहेस?"

"हप्त्यानं देईन," आई म्हणाली. "मुलगा हाताशी राहिला तर हप्ते भरता येतात." आणि सांतोकडे वळून, "बघतोस काय? वाडगे आण. पहिला बेबांगला दे, तिची पानं बरी आली होती वाटतं."

"बरी कसली, जिंकलेच होते मी," बेबांग म्हणाली आणि वाडगा पुढे केला.

दिवे लागायच्या सुमाराला मावशीने हिशोब सांगितला. टेबलाचे भाडे साठ, खुर्च्यांचे चाळीस, एक कॅट एकशेवीस. "कोण देणार?"

"मी," सांतो म्हणाला आणि नोटा तिच्या हातावर ठेवल्या.

मावशी जरा घुटमळली. पूर्वी इतके पैसे दिल्यावर तो त्यातलेच थोडे उसने मागायचा. पण सांतो खुर्च्या आवरत होता. दोनशेवीस पेसो. त्या टेबलावर आपले किती गेले, हे त्याला पहिल्यांदाच नेमके ठाऊक होते.