आंधळी फिल्म

"आंधळीवर काढ, मामा," भाची म्हणाली, आणि मामाचा हात फ्रिजच्या दारावरच थांबला.

फ्रिजमध्ये तीन प्रकारच्या फिल्म होत्या. एक मऊ, सुरकुत्या पोटात घालणारी. एक चपळ, लहान मुलांसाठी, कारण मुलं एका जागी बसतील तर शपथ. आणि तळाशी, पिवळ्या पडलेल्या खोक्यात, आंधळीचे शेवटचे चार तुकडे. तिला लाल रंग दिसत नाही, म्हणून स्टुडिओत तिचं नाव आंधळी. लाल असेल ते सगळं ती काळं दाखवते. गालावर साधी पुटकुळी असली तरी फोटोत कोळशाचा ठिपका. मामा गिऱ्हाइकांना सांगायचा, ही फिल्म म्हणजे चोंबडी शेजारीण, राईचा पर्वत केल्याशिवाय हिला चैन पडत नाही.

पंचवीस वर्षांत त्यानं आंधळीवर माणसाचा चेहरा घेतला नव्हता. शेवटचा घेतला तो बहिणीचा, या भाचीच्याच आईचा. तो फोटो समोरच्या भिंतीवर होता. मामा रोज सकाळी त्याची काच पुसायचा, पण मानेकडे बघायचं टाळायचा. कधीकधी त्याला वाटायचं, मानेवर काहीतरी हळूहळू वर येतंय. त्यानं दिवा बदलून पाहिला, काच बदलून पाहिली. मान स्वच्छच असायची. तरी त्याला भीती वाटायची.

त्यानं भाचीला परोपरीनं समजावलं. मऊ फिल्म घेऊ, आंधळीवर तू दहा वर्षांनी थोराड दिसशील. ती ऐकेना. कोचावर बसलेला तिचा नवरा हसून म्हणाला की हट्टच आहे तर पुरवा. जावई मोठा गोड. आत येताना बूट काढून नीट जोडून ठेवणारा. मुलीनं नशीब काढलं, असं सगळी गल्ली म्हणायची. त्याची बदली झाली होती. परवा दोघं निघणार होती, दोन दिवसांच्या प्रवासावरच्या गावाला. जाण्याआधी मामासाठी एक फोटो, एवढंच भाचीनं मागितलं होतं.

आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. बापानं मागं वळून पाहिलं नाही, म्हणून ती मामाकडे, या स्टुडिओतच वाढली. तिची आईही इथलीच, तेव्हा मामाचे वडील स्टुडिओ चालवायचे. भाचीनं पाटीवरची पेन्सिल धरायच्या आधी रिटचिंगची, निगेटिव्हवरचे डाग बुजवायची पेन्सिल धरली होती.

ती स्टुलावर बसली. गळ्यातला स्कार्फ तिनं काढून ठेवला आणि न सांगता मान दिव्याकडे वळवली. मानेला पावडर होती, बाकी काही दिसत नव्हतं. मामानं बटण दाबलं.

बाकीच्या फिल्म मिट्ट काळोखात धुवाव्या लागतात. आंधळी मात्र लाल दिव्यात, डोळ्यांदेखत धुता येते. जावई बाहेर वर्तमानपत्र चाळत बसला. भाची मामाच्या मागोमाग डार्करूममध्ये आली, लहानपणी यायची तशी.

ट्रेमध्ये चेहरा उमटू लागला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. केस पांढरे, चेहरा काळा. मानही काळी होत गेली. चार पट्टे मात्र पांढरेच राहिले. पाचवा, आखूड, अंगठ्याएवढा, मानेच्या पुढच्या अंगाला.

मामाला ते अनोळखी नव्हते. पंचवीस वर्षांपूर्वी ते याच ट्रेमध्ये उमटले होते. त्याही वेळचे जावई, बहिणीचा नवरा, गोडच होते. उन्हाळ्याचं घामोळं असेल, मामानं स्वतःला समजावलं होतं, आणि फिल्म ही अशी चोंबडी. मग वाळलेल्या निगेटिव्हवर तासभर पेन्सिल चालवून त्यानं ते पट्टे भरून टाकले होते. बहिणीनं फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला, छान झालाय म्हणाली आणि घरी गेली. सात महिन्यांनी ती जिन्यावरून पडून गेल्याचा निरोप आला. मामा कुणाला काही बोलला नाही. कशाच्या जोरावर बोलणार होता?

आताही सवयीनं त्यानं पेन्सिलींचा खण उघडला. त्यानं भाचीकडे पाहिलं. ती श्वास रोखून ट्रेकडे बघत होती. मामानं खण बंद केला. फिल्म पक्की केली, धुतली आणि तशीच ओली घेऊन बाहेर आला.

"जावईबापू, तुम्ही निघा," तो म्हणाला. "ती येणार नाही."

जावई हसला. मग मामानं फिल्म खिडकीसमोर धरली आणि हसू गेलं. तिची कातडीच नाजूक आहे, तो म्हणाला. मग आवाज चढवला. मामा जागचा हलला नाही. शेवटी जावयानं बुटांत पाय घातले आणि नाड्या न बांधताच तो पायऱ्या उतरला.

मामानं कडी लावली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं. आंधळी मागितलीस ते बरं केलंस, तो भाचीला म्हणाला, मऊ फिल्मवर मला काही दिसलंच नसतं.

"म्हणूनच मागितली," ती म्हणाली.

तिनं पर्समधून एक जुनं पाकीट काढलं. त्यात आईची निगेटिव्ह होती. तिरकी धरली की पेन्सिलीचं काम चमकतं, हे मामानंच तिला शिकवलं होतं. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं तिनं ते पुसून काढलं होतं. तिनं दोन्ही निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरल्या. इकडे चार पट्टे, तिकडे चार पट्टे.

"आईनं कुठली फिल्म मागितली होती, मामा?"

मामा भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिला.

"हीच," तो म्हणाला. "मी नको नको म्हणत होतो, तरी हट्टानं हीच."