करंगळीपाशी खाच

धाकट्या बहिणीने मुलगी उजवली त्याच वर्षी, म्हणजे एकोणनव्वदला, मिरजोळ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. लग्नाला चिंतामणी एकटाच गेला होता. बायको कमला का आली नाही, हे तिथे कुणी विचारलं नाही. जेवणं उरकून तो संध्याकाळच्या एसटीने परत आला.

कारखान्यात रबरी चपलांचे साचे होत. त्यांचे नकाशे चिंतामणी काढी. सत्तावीस वर्षं हातात पेन्सिल. आता छप्पन्नाव्या वर्षी तो पडद्यावरच्या रेघा शिकला. आधी तळव्याची रेघ काढायची. तिला जाडी दिली की चपलेचा तळ उभा राहतो. खालची रेघ ओढली की वरचा तळ निमूट मागे येतो.

"काम झालं म्हणून खालची रेघ पुसू नका, नुसती लपवा," मॅनेजर राजाभाऊ म्हणाले. "वरचं बिघडलं की तिच्याकडेच जावं लागतं."

"पुसायची सवयच नाही मला," चिंतामणी म्हणाला.

वैशाख सरता सरता सखू गेटवर आली. चांदेराईकडची कुणबीण. दर वर्षी याच सुमाराला ती आमसुलांची पुडी आणि एक कागद घेऊन येई. कागदावर तिच्या मुलाच्या, महिपतच्या, उजव्या पायाची रेघ. मुलगा बापाजवळ मुंबईला शिकत होता. चिंतामणीने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण उरल्यासुरल्या रबरातून त्याचा जोड मात्र तो स्वतः कापी. वर्षभरात त्याच्याकडे मुद्दाम येणारं माणूस म्हणजे सखू एवढीच.

"पाय वाढला वो भाऊ," सखू म्हणाली. "गणपतीला आला होता, तवाच काढून ठेवला. मुंबैचं खाऊन पाय तेवढा वाढला. डोस्का हाय तेवढाच!"

चिंतामणी हसला.

"वैनींस आवडली का गेल्या सालची आमसुलं?"

"आवडली तर. विचारत असते तुझं."

"मग त्यांच्या पायाचा कागद कवा आनलाव नाय तो? बायकोस तेवढी चप्पल नको?"

"ती अंगणापलीकडे जाते कुठे!"

"नवरे सगले सारखेच," म्हणून ती उठली. आठ दिवसांनी जोड न्यायला येणार होती.

त्या दुपारी काम कमी होतं. चिंतामणीने खणातून महिपतचे जुने चार कागद काढले. पंच्याऐंशीपासूनचे. हा नवा धरून पाचही कागद त्याने गिरवून पडद्यावर घेतले आणि काचेवर काच ठेवावी तसे एकावर एक लावले. पोर कसं वाढलं ते एकदा बघावं, एवढंच मनात होतं.

रेघा एकीबाहेर एक बसल्या. प्रत्येक साली अर्ध्या पेन्सिलीच्या जाडीएवढी वाढ, टाचेकडे तेवढीच, कुशीला तेवढीच. पाय असा वाढत नाही. तो आधी लांबीला जातो.

करंगळीपाशी तांदळाएवढी खाच होती. महिपतची करंगळी आत वळलेली असावी, असं तो चार वर्षं समजत आला होता. कागदावर असेल ते काढायचं, ही त्याची जन्माची सवय. म्हणून प्रत्येक जोडात त्याने ती खाच इमानाने कापली होती.

त्याने चार रेघा लपवल्या आणि नुसता पहिला कागद ठेवला.

त्यावर खाच नव्हती.

मग त्याला आठवलं. पहिला जोड कापताना सुरी सटकली होती. खाच पायाची नव्हती, सुरीची होती. पहिल्या कागदावर पाय उमटला होता. पुढच्या चारांवर चिंतामणीनेच कापलेली चप्पल. आदल्या वर्षीचा जोड कागदावर ठेवून कुणीतरी भोवतीने पेन्सिल फिरवत होतं. त्या चपलांत कधी पाय गेलाच नव्हता.

खाच बुजवायला एक कळ पुरली असती. चिंतामणीचा हात तिच्यावर बराच वेळ राहिला. सरळ जोड हातात पडला की सखूला कळणार होतं की याला कळलं. मग ती पुन्हा गेटवर येणार नव्हती. त्याने खाच होती तशीच कापली.

आठ दिवसांनी तिने जोड उलटा करून पाहिला. करंगळीपाशी बोट थांबलं, मग पुढे गेलं. तिने जोड पदराखाली घेतला.

"आज वैनींस भेटूनच जातंय मी. पाच वर्सं झाली, तोंड बगलं नाय."

"आज नको," चिंतामणी घाईने म्हणाला. "माहेरी गेलीय, नाटे गावी."

सखूने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बरा तर," ती म्हणाली. "फुडच्या वर्सी."

"पुढच्या वर्षी. आणि कागद आणायला विसरू नकोस. पाय वाढेल."

"वाढंल तर," सखू म्हणाली.

घरी येऊन त्याने आमसुलांची पुडी फडताळात ठेवली, आधीच्या चार पुड्यांशेजारी, दोऱ्याची गाठ न सोडता.

कमला चौऱ्याऐंशी सालच्या माघात वारली.