वामनरावांची सांकेतिक चिठ्ठी

१९८४ साली वाशीतल्या सोसायटीच्या वार्षिक दिनाला तार ऑफिसातल्या वामनराव गायकवाडांनी खजिन्याचा खेळ रचला. महिनाभर डोकं शिणवून त्यांनी सांकेतिक लिपीत चिठ्ठी लिहिली. ती उलगडून लपवलेला प्रेशर कुकर जो शोधेल, कुकर त्याचा!

दुपारपर्यंत दोन इंजिनिअर आणि एक गणिताचे मास्तर घामाघूम झाले. अंगणात येरझारा घालत वामनराव मिशीतल्या मिशीत हसत होते. इतक्यात, सकाळपासून गेटापाशी कोळंबी विकत बसलेल्या वेणूबाई उठल्या, सरळ जिन्याखाली शिरल्या आणि कुकर घेऊनच बाहेर आल्या.

"चिठ्ठी वाचलीत कशी तुम्ही?" वामनरावांचा आवाजच चिरकला.

"मना कुठं वाचता येतंय?" वेणूबाई म्हणाल्या.



"कोनी जिन्याकडं वलला, का तुमचं तोंड उतरायचं."