काचेच्या कपाटातली सवत

“मान जरा खिडकीकडे कर. हं, तिथंच थांब.”

बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि भिंगाभोवतीचं कडं हळूच फिरवलं. सोव्हिएत काळातला तो कॅमेरा विटेसारखा जड. त्याच्या इवल्याशा खिडकीतून समोरचं माणूस आधी दोन-दोन दिसायचं. कडं फिरवून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसवायच्या, मगच बटण दाबायचं.

“अजून दोन दिसतेस,” बाबा म्हणाले.

“अगं बाई! जन्मभर एक झेपली नाही, आता दोन?” उशांना टेकलेली आई म्हणाली. हसता हसता तिला खोकला आला. लेकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला नुसते मणके लागले.

खट्.

बाबांनी चावी फिरवली, वरची आकड्यांची चकती नखानं जराशी सरकवली आणि कॅमेरा चामड्याच्या कव्हरात ठेवला.

चष्म्याचं दुकान चालवता चालवता त्यांना जुन्या कॅमेऱ्यांचा नाद लागला होता. काचेचं कपाट भरून गेलं होतं. शौकीन मंडळी लांबून यायची, बघून जायची. हात लावायची मुभा कुणालाच नव्हती. त्यातला हा सर्वांत लाडका. आई त्याला सवत म्हणायची. “जिथं घडली तो देशसुद्धा गेला, पण ही बया काही माझ्या घरातून हलत नाही!”

आईचं दुखणं हत्तीच्या पावलांनी आलं होतं आणि मुंगीच्या पावलांनीही जायला तयार नव्हतं. डॉक्टरांनी लेकीला दाराबाहेर नेऊन सांगितलं, आता औषधं बदलण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी बाबांनी सवतीला कपाटाबाहेर काढलं.

लेकीनं मोबाइल पुढे केला की आई तोंडावर चादर ओढायची. “त्यात मी पिकल्या पानासारखी दिसते. काढायचा तर यांना काढू दे.” आणि डॉक्टर आले की त्यांनाच दटावायची, “तारखा कसल्या बघता? यांचा रोल संपला की निघते मी. तोवर आहे.”

रोज दुपारी ऊन पलंगाच्या काठावर आलं की बाबा तिचे केस विंचरायचे. मग ती उठून बसायची, मान वळवायची. खट्. एक महिना उलटला, दुसरा उलटला. पाण्यात मिठाचा खडा विरावा तशी आई अंथरुणात विरत चालली. लेक मनाशी म्हणायची, आई राहायची नाही. पण बाबांकडे बघताना तिच्या डोळ्यांत जे येतं, तेवढं कागदावर उतरलं असेल. तेवढ्यावर निभावून नेईन.

“बाबा, छत्तीस फोटो झाले असतील की आता. रोल धुवायला द्या ना. तिच्यादेखत बघू.”

“आहेत अजून थोडे.”

एका सकाळी आईनं पाणीही नको म्हटलं. जेवणानंतर बाबांचा खुर्चीतच डोळा लागला. लेकीनं कॅमेरा पिशवीत घातला आणि ती फोटोवाल्याकडे धावली. रोल धुणारा तेवढाच उरला होता.

“आधी रोल उलटा गुंडाळून घेऊ,” म्हणत त्यानं बाजूची खुंटी फिरवली. थांबला. पुन्हा फिरवली. मग उजेड लागू नये म्हणून कॅमेरा काळ्या पिशवीत घालून, तिच्या बाह्यांतून हात खुपसून त्यानं चाचपडत तळ उघडला.

“ताई, आत काही नाही.”

“तुटला?”

“तुटायला आधी असावा लागतो. रोल घातलेलाच नाही.”

“अहो, पण आकडे सरकतात की!”

“रोल नसला तरी चावीबरोबर आकडे सरकतात, आणि ती चकती हातानंही फिरते. पुढे न्या, मागे न्या, तुमची मर्जी.”

ती घरी पोचली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं. बाबा आईच्या केसांतून कंगवा फिरवत होते. लेकीला बघून त्यांनी कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. तोच हात धरून तिनं त्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

“जगाला चष्मे लावलेत, आणि स्वतःला एवढं दिसलं नाही? रोल घालायलाच विसरलात, बाबा! आईचा एकही फोटो नाही. एकही!”

बाबा दचकले नाहीत.

आतून आईचा आवाज आला, धाग्यासारखा. “अहो, संपला का?”

“नाही गं, आहे अजून,” बाबांनी दाराकडे तोंड करून सांगितलं. मग लेकीच्या हातातून कॅमेरा अलगद काढून घेत ते हळूच म्हणाले, “विसरलो नाही, बाळ. घातला असता तर संपला असता.”