आजोबांची गाठ

पहिल्या पाळीवरून आलेल्या विनोदने पोह्यांची बशी बाजूला सारली आणि मोज्यातला पाय मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या पार नाकासमोर धरला.

"बगा! कंपनीच्या बुटानं दर महिन्याला अंगठा बाहेर येतो. पन नवा मोजा आणलाय? नाय. आमची दीपाली शिवते. मोजा फाटंल, शिवण नाय फाटायची."

शिवण होतीच तशी. बारीक चौकडी, कोपऱ्यात इवलीशी गाठ. जाळी विणणाऱ्यांची गाठ. सरावलीच्या या घरात वीस वर्षांत जाळ्याला कुणी हात लावला नव्हता. पण विनोदच्या आईने, गोजराबाईने, सांगून ठेवलं होतं, की तिचे मालक वारले तरी दर अमावास्येला होडी घेऊन नातीच्या सपनात येतात आणि गाठ शिकवून जातात. एकदा तर दीपालीच्या उशीखाली ओला बोंबील सापडला. विनोदचा त्यावर पक्का विश्वास.

"एकच सांगतो," तो पाहुण्यांतल्या नवऱ्या मुलाला म्हणाला, "लग्नाआदीची ओळख, फोनबिन, आमच्यात चालत नाय. अशी दोन स्थळं दारातून परत पाठवलीत."

शिरगावच्या कोळ्याचा रूपेश मान डोलवत हळूच पाय खुर्चीखाली ओढायला लागला. उशीर झाला होता. विनोदला त्याच्या मोज्याचा अंगठा दिसला. तीच चौकडी. तीच गाठ.

दारापर्यंत चहा घेऊन आलेली दीपाली तिथूनच मागे फिरली.

"ही गाठ तुज्या मोज्याला कशी?"

रूपेशने दुसऱ्या पायाने तो अंगठा झाकला. गोजराबाईने मात्र कपाळावर हात मारला.

"अरं देवा! म्हंजे हे याच्याबी सपनात जातात! तरीच म्हनते, होडीला हल्ली परतायला इतका उशीर का? विनोद, तुज्या बापानं सोताच जावई निवडला. आता तू कोन रं इचारनार?"

विनोदचे डोळे भरून आले. भिंतीवरच्या फोटोला त्याने हात जोडले, होकार दिला, सगळ्यांना पेढे वाटले आणि एक अख्खा स्वतःच्या तोंडात कोंबला.

दारात रूपेश बूट घालायला वाकला. गोजराबाईने पदराखालची पुरचुंडी गुपचूप त्याच्या पिशवीत सरकवली. विनोद मागेच उभा होता, पेढा अजून तोंडात. पुरचुंडीतून विनोदचाच कालचा फाटका मोजा डोकावत होता.

"शनवारपर्यंत शिवून दे, नेहमीसारका," गोजराबाई कुजबुजली. "आनि येड्या, सोताच्या मोज्याला तरी येगळी गाठ मारायचीस!"