चार नंबर

"चार नंबर खाली. बाकी कशाला हात लावायचा नाही," मास्तरांनी हॉलच्या रखवालदाराला तिसऱ्यांदा सांगितलं.

रखवालदाराला गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. त्याने आवाजाच्या मशीनवरची चौथी खिट्टी तळाला ओढली आणि पुन्हा शब्दकोडं हातात घेतलं.

चार नंबर म्हणजे काकांची बेस गिटार, खालच्या सुरांची. मंचावर एक पेटी होती. सगळ्यांच्या वायरी तिच्यात जायच्या आणि तिथून हॉलच्या स्पीकरांत. दोन नंबर कीबोर्ड, चार नंबर बेस, हा क्रम बावीस वर्षांत कधी बदलला नव्हता.

मास्तर बँडचे गायक आणि म्होरके, एरवी शाळेत भूगोल शिकवायचे. एका हॉटेलातून दर शनिवारी वाजवायचं बोलावणं आलं होतं. पण तिथला मंच चौघांपुरता, आणि हे पाच. कीबोर्डवाला, म्हणजे दातांचा डॉक्टर, म्हणाला होता की बेसचं काम मी डाव्या हाताने उरकतो. ड्रमवाल्याची बेकरी होती. तो म्हणाला, काकांशिवाय बँड म्हणजे खमिराशिवाय पाव. त्यावर डॉक्टर म्हणाला, हातच्या कांकणाला आरसा कशाला, वाजवूनच दाखवतो.

म्हणून आजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात काकांचा आवाज हॉलपर्यंत जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं. खालचे सूर डॉक्टरने वाजवायचे. मास्तरांच्या बायकोने शेवटच्या रांगेत बसून ऐकायचं. कुणाला काही उणं वाटलं नाही, तर काकांना निरोप.

काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मंचावर प्रत्येकाला आपापल्या पाठीमागच्या स्पीकरच्या खोक्यातून स्वतःचं वाजवणं ऐकू यायचं, तसं काकांनाही येणारच होतं. तुमचं खोकं आज अगदी हळू ठेवा, असं मास्तरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी का म्हणूनही विचारलं नाही.

असा माणूस शोधून सापडायचा नाही. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या वजनाचं खोकं जिन्यांवरून वाहायचं. छत्रीच्या कापडाच्या पिशवीत जादा फ्यूज, बॅटरी, चिकटपट्टी आणि चष्म्याचा बारका स्क्रू-ड्रायव्हर. तारा मंद बोलायला लागल्या की पातेल्यात उकळून पुन्हा चढवायचे. एक दिवस सूप समजून वाढीन, असं काकू म्हणायच्या. बँडच्या प्रत्येक फोटोत काकांचा एक खांदा तेवढा दिसायचा, उरलेले काका ड्रममागे. आणि कुणाचं काही अडलं की आपलं काढून द्यायचे. गिटारवाल्याचा पट्टा तुटला त्या दिवशी स्वतःचा पट्टा त्याला देऊन त्यांनी सुतळीवर भागवलं होतं.

मास्तर मंचावर परतले तेव्हा डॉक्टर चहाला गेला होता. काका पेटीजवळ गुडघ्यांवर बसले होते, दातांत टॉर्च, मनगटात चिकटपट्टीचं रीळ.

"काय झालं, काका?"

"थोडी खरखर होती. झालं आता."

मास्तरांना त्यांच्या नजरेला नजर देववेना. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तिसऱ्या गाण्याला लोक उठले. पाचव्याला खुर्च्या भिंतीला लागल्या आणि निवृत्त मुख्याध्यापिका काठी बाजूला ठेवून नाचल्या. डॉक्टर डाव्या हाताने घाम गाळत होता. काका डोळे मिटून, पायाच्या अंगठ्याने ठेका धरून वाजवत होते. मास्तरांना भरून आलं. आपण बावीस वर्षं या माणसाच्या आधारावर उभे राहून गायलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि पुढचं कडवं त्यांनी भिंतीकडे बघून म्हटलं.

कार्यक्रम संपल्यावर बायको मंचाजवळ आली. खालचे सूर कसे वाटले, असं मास्तरांनी हळूच विचारलं.

"सगळा हॉल त्यांनीच तर उचलून धरला होता," ती म्हणाली. "माझे पाय खुर्चीखाली राहीनात. पण डॉक्टरांना म्हणावं, उजवा हात जरा जोरात चालवा. त्यांचं वरचं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

डॉक्टर खूश झाला. डाव्याच्या नादात उजवा राहिला, असं तो म्हणाला. बेकरीवाला ड्रम सुटे करायला लागला.

आता टाळण्यात अर्थ नव्हता. मास्तर काकांसमोर उभे राहिले.

"काका, आज तुमचा आवाज हॉलमध्ये नव्हता. मीच बंद करायला लावला होता. खालचं सगळं डॉक्टरने वाजवलं. शनिवारपासून आम्ही चौघंच जाऊ म्हणतो."

काका चष्म्याच्या फडक्याने तारा पुसत होते. ते चौथ्या तारेपर्यंत गेले, मग थांबले.

"कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"नाही."

"मग तुमचं बरोबर आहे, मास्तर. लोक नाचले, आपलं काम तेवढंच." त्यांनी गिटार पिशवीत ठेवली. मास्तरांच्या हातात चिकटपट्टीचं रीळ दिलं. राहू दे, तुम्हाला लागेल, असं म्हणाले.

मग काका पेटीशी वाकले आणि आपली वायर उपटून कोपरावर गुंडाळायला लागले.

"एवढं डॉक्टरांना सांगून ठेवा," ते म्हणाले. "या पेटीचं दोन नंबरचं भोक ढिलं झालंय, खरखरतं. आज ते चहाला गेले तेव्हा मी त्यांची वायर माझ्या चार नंबरात लावली आणि माझं दोनवर भागवलं. पुढच्या वेळी बघायला मी नसेन."