फळीचं दुसरं टोक

सुतारकामाची खोली दहा बाय बारा, आणि नवी कटर मशीन तिच्या मधोमध. शेजारच्या दिवाकरने भिंतीला पाठ लावून पोट आत घेतलं, तेव्हा कुठे त्याला पलीकडे जाता आलं.

“अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, भाऊ. तुम्ही तर खाटच तोडली.”

रामकृष्ण हसला नाही. तो गुडघ्यांवर बसून टेप धरत होता. मशीन बसली होती. प्रश्न मागच्या बाजूचा होता. टेबलाच्या पोटातून वर आलेल्या करवतीने आठ फुटी फळी चिरत नेली, की निम्म्यावर तिचं पुढचं टोक अधांतरी लोंबणार. तिथे आधार हवा. जुन्या मशीनवर तो आधार म्हणजे त्याची बायको पुष्पा होती.

अंगणाच्या दाराशी स्टुलावर बसून ती मटार सोलायची. फळी निम्मी पार झाली की रामकृष्ण थांबायचा आणि म्हणायचा, “धर.” ती परात खाली ठेवून उठायची, टोक धरायची. ओढायची नाही, नुसतं धरायची. हे शिकायला तिला एक हिवाळा लागला होता आणि शिकवताना त्याचा घसा बसला होता. आता ती बंगलोरला लेकीकडे होती. पंधरा दिवसांसाठी म्हणून नातीला सांभाळायला गेली, त्याला दोन हिवाळे झाले, आणि तेव्हापासून इथे लांब फळी चिरलीच गेली नव्हती.

“मशीनच्या मागं आधाराला फळा ठेवू, खाली दोन पाय, फरशीत बोल्ट. विषय खतम,” दिवाकर म्हणाला आणि मध्ये येणारा स्टूल त्याने उचलून अंगणात ठेवला. त्यावर तो स्वतःच बसला.

“बोल्ट नको. कब्जे लावू, दाराला असतात तसे. काम झालं की फळा खाली पडला पाहिजे.”

“रोज उचला, रोज पाडा! काहून पण?”

“तिथं स्टूल राहतो.”

“अरे भाऊ, रिकाम्या स्टुलासाठी कब्जे?”

तिची जागा एकदा बोल्ट मारून भरली की ती येणारच नाही, असं वेडं भय रामकृष्णच्या मनात बसलं होतं. ते साठीच्या माणसाने कोणाला सांगावं? त्याने डब्यातून पितळी कब्जे काढले आणि दिवाकरच्या हातात दिले. दिवाकर रेल्वेतून निवृत्त झालेला, वाद घालण्यात कोणाला हार न जाणारा. पण त्या चेहऱ्याकडे बघून त्याने मुकाट्याने स्क्रू आवळायला पेचकस उचलला.

दुपारपर्यंत फळा बसला. मशीनच्या टेबलापेक्षा एक सूत, जरासाच खाली, म्हणजे येणारं टोक त्याला अडणार नाही. रामकृष्णने डोळा लावून दोनदा पाहिलं. मग सागवानाची एक फळी उचलली. मुरलीधरपंतांकडून मुलाच्या लग्नाच्या दोन पाटांचं काम आलं होतं, त्यातली ही पहिली.

मशीन सुरू झाली. फळी लोण्यासारखी सरकत गेली. निम्मी पार झाली आणि रामकृष्ण थांबला.

“धर,” तो म्हणाला.

करवत जागच्या जागी फिरत राहिली. जुनी मशीन मंद होती, तिला थांबणं चालायचं. हिला चालत नव्हतं. जळक्या सागवानाचा वास आला तसा दिवाकर ओरडला, “भाऊ, ढकला! रुकले काहून?”

रामकृष्णने फळी पार नेली आणि मशीन बंद केली. टोक फळ्यावर मुकाट पडून होतं. त्याला पुष्पाची इतकी आठवण आली की तो उगाच हात पुसत उभा राहिला.

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला.

“बसली का मशीन? दाखवा ना जी.”

त्याने मशीन दाखवली. मागचा फळा दाखवला. ती फळ्याकडे जरा वेळ पाहत राहिली.

“छान झाला. चलो, माझं काम संपलं म्हणायचं,” ती म्हणाली आणि हसली. ते हसू काही नीट जमलं नाही.

त्याने चिरलेली फळी फोनसमोर धरली.

“हे काळं काय पडलं, अहो?”

“करवत अडली.”

“नवी करवत?” फळीचं दुसरं टोक तिने तीस वर्षं धरलं होतं, तिला काय फसवणार! “बरोबर मधात पडलं नं? तुम्ही थांबले होते.”

तिच्या मागून नात “नानी, नानी” करत होती. पुष्पाने फोन इतका जवळ घेतला की त्याला नुसतं कपाळच दिसू लागलं.

“आता नका थांबत जाऊ,” ती हळूच म्हणाली. “अन् ही फळी कोणाच्या पाटाला लावू नका.”

फोन बंद झाला. रामकृष्णने जळकी फळी भिंतीशी उभी केली आणि काहीतरी करायचं म्हणून आत जाऊन चहा टाकला.

तो कप घेऊन आला, तेव्हा मागचा फळा खाली पाडलेला होता. अंगणातला स्टूल पुसून पुन्हा दाराशी ठेवलेला होता.

“बस नं,” रामकृष्ण म्हणाला.

दिवाकरने कप घेतला आणि स्टुलाला वळसा घालून तो उंबऱ्यावर बसला.